एक व्हॉल्व्ह त्याचा, बाकीचे माझे

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळी नेहमीच्या वेळी गाळा उघडला. एका टेम्पोच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, आले आहे, ते अजून खोललेले नाही. सून रेवती गॅस्केट आणायला अंधेरीला गेली आहे, म्हणून ही वेळ निवडली.

मी, सीताराम विठोबा धुरी, वय एकोणसत्तर, धंदा डिझेल इंजिनचे हेडकाम, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मृती ठीक आहे. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी प्रेमा आधीच गेली. एकुलता एक मुलगा सुयोग या वर्षी मार्चमध्ये गेला. छातीत दुखले, रिक्षात बसवले, पुढे काही उरले नाही. माझे जे काही होते ते त्याचेच होणार होते, त्यामुळे असा कागद करण्याची कधी गरज वाटली नव्हती.

१. घाटकोपर पश्चिम येथील गाळा माझ्या स्वकष्टाचा आहे. तो, त्यातील सर्व यंत्रे व हत्यारांसह, मी माझी सून रेवती सुयोग धुरी हिला देत आहे. तिने पुढे लग्न केले तरी गाळा तिचाच राहील. तिने लग्न करावे असे मला वाटते. समोर बोलता येत नाही, म्हणून येथे लिहितो. धंदा चालवलाच पाहिजे अशी अटही नाही. कंटाळा आला तर तिने खुशाल विकावा.

याला माझे थोरले बंधू धोंडू हरकत घेतील. सुयोगच्या बाराव्याला, पंगत उठायच्या आत, ते मला म्हणाले, "सून ती, सीताराम. आज आसा, उद्या खंय जाईत कोणाक ठावक? गाळो सुबोधाच्या नावार कर." सुबोध त्यांचा मुलगा. रेवती तेव्हा वाढत होती. तिने ऐकले. तिच्या हातातला डाव थांबला नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

कारण विचारले जाईल, म्हणून ते लिहून ठेवतो. सुयोग गेला तेव्हा ट्रॉम्बेच्या एका होडीच्या इंजिनाचे हेड बाकावर होते. व्हॉल्व्ह आणि त्याची बसायची जागा, म्हणजे सीट, पेस्ट लावून एकमेकांवर घासून जुळवतात. एका सीटचा व्हॉल्व्ह दुसऱ्या सीटवर चालत नाही. म्हणून आमच्याकडे नंबर घातलेल्या भोकांची लाकडी फळी असते आणि व्हॉल्व्ह त्यात ओळीने उभे ठेवतात. सुयोगने सगळे घासून फळीवर लावले होते. त्यातला एकच व्हॉल्व्ह स्प्रिंग घालून हेडमध्ये बसवला होता.

सुयोगचा फोटो लावायचा म्हणून सुबोधने गाळा साफ केला. मनाने चांगला मुलगा आहे. मला म्हणाला, "काका, सगळं झकास करून टाकलं. ते व्हॉल्व्ह पण एकाच बालदीत धुऊन काढले." फळीसुद्धा घासली होती, नंबर गेले होते. सुयोगच्या हातचे शेवटचे काम रॉकेलमध्ये एकत्र पडले होते.

रेवती लग्नानंतर बिले लिहायला गाळ्यावर येऊ लागली आणि हळूहळू व्हॉल्व्ह घासायला बसू लागली. बालदी तिनेही पाहिली. बारावे झाल्यावर एवढेच विचारले, "बाबा, सोमवारी येऊ ना मी?"

मी म्हटले, ये. हे मृत्युपत्र म्हणजे त्याच प्रश्नाचे पूर्ण उत्तर आहे.

ती आली, फळीवर पुन्हा नंबर घातले आणि बालदीतले सगळे व्हॉल्व्ह पुन्हा घासले. पेस्टचा करकर आवाज मऊ होईपर्यंत हात थांबवला नाही. मग गळते का ते पाहायला डिझेल ओतून ठेवले. कुठूनही गळले नाही. सुयोगने हेडमध्ये बसवलेला तो एक मात्र तिने खोलला नाही.

होडीवाले आले. काम सुयोगनेच केले होते ना, असे त्यांनी विचारले. मी होय म्हणणार होतो. रेवती म्हणाली, "एक व्हॉल्व्ह त्याचा, बाकीचे माझे." ते हेड उचलून घेऊन गेले. आता दुसऱ्या होडीचे कामही तिलाच विचारून आणतात.

२. मुलुंडची खोली व बँकेतील ठेवी रेवतीला.

३. गावच्या घरातील माझा हिस्सा धोंडू यांना. कौले दरवर्षी मीच परतून घेत होतो, यापुढे त्यांनी बघावे. बाराव्याचे बोलणे मी विसरलेलो नाही, पण भांडायची ताकदही राहिली नाही.

४. माझा पान्यांचा जुना सेट सुबोधला. शिकायचे असेल तर त्याने रेवतीकडे यावे. तिला वहिनी म्हणावे आणि काहीही धुण्याआधी विचारावे.

५. माझे बारावे साधे करावे. पहिल्या पंगतीत रेवतीला बसवावे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वाचून, समजून सही करत आहे.

ठिकाण : घाटकोपर, मुंबई
सही : सीताराम विठोबा धुरी

सीताराम धुरी यांनी आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.
१. डॉ. माधुरी तांबे
२. केतन शिर्के, शेजारील गाळा

सह्यांनंतरच्या या ओळींचा मालमत्तेशी संबंध नाही. साक्षीदार चहा घेऊन गेले. रेवती अजून आलेली नाही. मी टेम्पोचे हेड खोलले, पहिला व्हॉल्व्ह काढला, पुसला आणि फळीच्या एक नंबरच्या भोकात ठेवला.