डबल बेल

आप्पा, आज मी हुपरीच्या एसटीत माझी मी चढले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग त्यात काय झालं?" बरंच झालंय. तीन वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरॉसिस निघाला. मेंदूचा निरोप पायांपर्यंत धड पोचत नाही, उजवा पाय फरफटतो. एसटीची ती उंच पहिली पायरी चढता येईना, म्हणून हुपरीच्या शाळेतली नोकरी सोडायची वेळ आली. घरात सगळ्यांचं एकच, पडून राहा, जिवाला जप. मी राजीनामा लिहूनही ठेवला होता.

मग फिजिओच्या बाई भेटल्या. त्या पाट मांडून चढ-उतार करायला लावायच्या आणि मला तुम्ही आठवायचात. तुम्ही कंडक्टर, मी सात वर्षांची, तुमच्याच गाडीत चढतेय, पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. कुणीतरी हात पुढं करतो आणि तुम्ही दारातून ओरडता, "पावणं, हात देऊ नगा. तिची ती चढंल की!" त्या तिरमिरीत मी एकदा पाट चाळीस वेळा चढले आणि दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. बाई भडकल्या. "दमायच्या आधी बसायचं. उद्या परत करता आलं पायजे की!" तेव्हापासून ऊन चढायच्या आत दहा वेळा, मग बसायचं, परत दहा. बाईंचे व्यायामाचे वर्ग संपून सहा महिने झाले. कमावलेलं सगळं जाईल अशी धास्ती होती. गेलं नाही. आजार आहे तिथंच आहे, पण पायातलं बळ टिकलंय आणि पाट मी सोडणार नाही. राजीनामा फाडून टाकला.

आज चढले तोच कंडक्टरबाईंनी डबल बेल दिली. गाडी हिसक्यानं सुटली, मी दांडी घट्ट धरली. आणि आप्पा, इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्या गाडीत असा हिसका मला कधी बसलाच नाही. तुम्ही कुणाला हात देऊ दिला नाहीत, पण मी बाकावर टेकेपर्यंत बेलही दिली नाहीत. ड्रायव्हर ओरडायचा, "आवो, जायाचं हाय का न्हाय?" तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखे उभे. मी मात्र जगाला हाताचीच गोष्ट सांगत आले, आमचे आप्पा फार कडक म्हणून. चुकलंच माझं.

हे पत्र कुठं टाकणार? शाळेच्या वहीतच राहील. आणि एक सांगायचं राहिलं. हुपरीला उतरताना कंडक्टरबाई म्हणाल्या, "द्या की हात." मी दिला.