गुणी मुलीची गोळी

विलेपार्ले, १४ जून २०२४

चि. सौ. अस्मितास अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुमच्या घरातला फोन म्हणजे चाळीतला नळ. राजेशने उचलला तरी आई त्याला स्पीकर लावायला सांगते, आणि मला माझ्याच आईविरुद्ध बोलायचंय.

परवा मुलुंडला आले तेव्हा ती तासभर तुझ्या अपूर्वाचे गोडवे गात होती. नात कशी, तर नऊ वर्षांची झाली तरी घरात आहे की नाही कळत नाही. दुसरीत वाढत्या अंगाचा म्हणून शिवलेला शाळेचा पिनो चौथीतही होतो, खालची दुमड उसवावी लागली नाही. आईला यात बचत दिसते. दोन वर्षांत पोरीचं अंगच वाढलेलं नाही, हे तुम्हा तिघांपैकी एकालाही दिसू नये? त्यात त्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसलेली. जूनमध्ये मुलुंडला गारठणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

राजेश म्हणेल, आपल्याकडे सगळे ठेंगणेच. माझा भाऊ असला तरी त्याचं ऐकू नकोस. मुलांच्या वाढीचा डॉक्टर गाठ, आणि त्यासाठी आईकडून मुहूर्त काढून घेऊ नकोस.

लोभ आहे, उत्तर आलं नाही तर तो घेऊन स्वतःच येईन.
उत्तराताई

---

मुलुंड, ३ जुलै

ती. उत्तराताईंस सा. न. वि. वि.

पत्र आईंच्या हाती पडता पडता वाचलं. यापुढे माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहा.

घाटकोपरच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं, हाताचा एक्सरे काढला. थायरॉईड नीट काम करत नाहीये. हाडं सहा वर्षांच्या मुलीची आहेत म्हणाले. उंची अडणं, थंडी वाजणं, झोप झोप, गप्प राहणं, सगळं त्यामुळेच. पालकसभेत बाई तिच्या शिस्तीचं कौतुक करायच्या आणि आम्ही फुलून घरी यायचो. ताई, आम्ही दोन वर्षं आजाराला शाबासकी देत होतो.

रोज सकाळी एक गोळी, बहुधा कायमची. नेमाने घेतली तर मागे पडलेली उंची बरीचशी भरून निघेल. हाडांची वाढती टोकं एकदा जुळून गेली की मग काही करता येत नाही. आईंचं म्हणणं एवढंच, की मुलीला जन्माची गोळी लागलीय हे बाहेर कळता कामा नये. ह्यांनीही आईंचीच री ओढली. मी सकाळी लवकर निघते, म्हणजे गोळी आईंच्याच हातून जाणार. जीव थाऱ्यावर नाही.

मायेत खंड पडू देऊ नका.
आपली अस्मिता

---

मुलुंड, ८ नोव्हेंबर

ती. उत्तराताईंस सा. न. वि. वि.

सप्टेंबरपर्यंत झकास चाललं होतं, तुम्ही पाहिलंतच. फ्रॉक आखूड व्हायला लागले. पण तोंडही सुटलं. वर्गात बडबड करते म्हणून बाईंची चिठ्ठी आली, आणि आईंच्या आमटीला ती पाहुण्यांदेखत पाणचट म्हणाली. ह्यांचं ठरलंय, गोळीनेच पोरगी बिघडली.

ऑक्टोबरात ती पुन्हा शांत झाली. पहिल्या आंघोळीला तीन-तीनदा हलवून उठवावं लागलं, बाहेर फटाके वाजत असताना. रक्त तपासलं, तर आकडा पुन्हा बिघडलेला. आईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की दिवाळीत चार लोक येणार, त्यांच्यासमोर पोर गुणी दिसावी म्हणून महिनाभर गोळी दिली नाही; आता तुळशीच्या लग्नालाही माणसं आहेत, तोवर राहू दे. हेही म्हणाले, राहू दे. मी रोज नोकरी सोडायचं बोलते आणि रोज कामाला जाते. काय करू?

तुमच्या मायेवरच भिस्त आहे.
अस्मिता

---

विलेपार्ले, १० नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

हे पत्र राजेशला मोठ्याने वाचून दाखव.

पाहुण्यांना दाखवायला तुझ्या शोकेसमध्ये बाहुल्या आहेत, त्या पुरेत. पहिलीत असताना अपूर्वाने गणपतीत भटजींना मध्येच थांबवून विचारलं होतं, की देवाला भूक लागली असेल तर मंत्र थोडे कमी करता येतील का. तूच ते साऱ्या सोसायटीला सांगत हिंडलीस. तीच पोर आता परत येत होती, आणि तू तिला उंबऱ्यावरून हाकललंस. तिची हाडं तुझे सण संपायची वाट बघणार नाहीत, आई.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळपासून गोळी सुरू झाली नाही तर मी तिला पार्ल्याला आणते, आणि का आणलं ते सोसायटीच्या ग्रुपवर लिहिते.

राग कर, पण लोभ ठेव.
तुझी, कधीच गुणी नसलेली,
उत्तरा

---

मुलुंड, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या, नमस्कार.

मी आता वर्गातल्या सुयोगच्या कानापर्यंत येते. तो म्हणतो मी टाचा उचलते. मी नाही उचलत. गोळी आजीच देते, आणि मी गिळली का ते तोंड उघडून बघते.

काल सोसायटीत हळदीकुंकू होतं. गप्प बसायचं असं बजावून आजीने मला नेलं. चंपाकाकूंच्या कानाला केसांचा काळा रंग लागला होता, ते मी त्यांना सांगितलं. सगळ्या हसल्या. आजीने चिमटा काढला. मग चंपाकाकूंनी आजीला विचारलं, की तुमची ती गुणी नात कुठे गेली. मला वाटलं आता दुसरा चिमटा. पण आजी म्हणाली की ती आजारी होती, आता बरी होतेय. काय आजार, असं काकूंनी विचारलं, तर आजीने सगळ्यांसमोर थायरॉईड सांगितलं आणि गोळीचं नाव चुकीचं सांगितलं. मी ते दुरुस्त केलं. तेव्हा तिने चिमटा नाही काढला.

माझ्यावर लोभ असू दे, आजीवर पण थोडा.
तुझी अपूर्वा