खोलीमागे एक माणूस

४ जून १९०८, गुरुवार
रूफसने आज डाव्या हाताने भांग पाडला. मी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

५ जून
टर्पेंटाइन चोळून चोळून माझ्याच तळहाताची सालं निघाली. नवऱ्याचा उजवा खांदा पेटलाय नुसता. "शनिवारच्या सामन्यापर्यंत उतरेल," म्हणतो. डोंबल उतरेल!

घर गिरणीचं. खोलीमागे एक कामकरी, हा नियम. आमच्या खोल्या तीन, कामाला आम्ही दोघंच. हार्गेट साहेब काणाडोळा करतात तो रूफसच्या चेंडूसाठी; गिरणीच्या बेसबॉल संघाचा पिचर तो, चेंडू फेकणारा. पिंजणखात्यातल्या धुळीतून काढून कापडखात्यात बसवलं तेही त्याचसाठी. चेंडू संपला की तिसरा माणूस द्या, नाहीतर घर सोडा. तिसरं कोण? आमची लेक ओर्फा. अकरा वर्षांची! मी नवव्या वर्षी सूत जोडायला उभी राहिले. तिला उभी करणार नाही.

६ जून, शनिवार
जिंकलो. साहेबांनी रूफसला शाबासकी दिली – नेमकी त्याच खांद्यावर थाप. हसला बिचारा. घरी आल्यावर सदरा मी काढला, त्याला हात वर होईना.

९ जून
नवा पिचर आणलाय. क्लेल. डोंगराकडचा, एकटा जीव. नावाला हातात झाडू दिलाय, झाडतो कसला! शेजारच्या साच्यावरची मॉडी म्हणे, "अगं, त्याचा चेंडू दिसतच नाही, आवाज तेवढा येतो."
"चष्मा लाव," म्हटलं.
मेल्याचा हात मोडो. लिहिलंय, आता खोडत नाही.

१० जून
साहेब दारात. ओर्फाला न्याहाळून म्हणतात, "पोरगी उंच झाली की. चात्यांपर्यंत हात पोचेल."
"फळ्यापर्यंत पोचतो, तेवढा पुरे," मी म्हटलं. रूफसने पायाने डिवचलं मला. साहेब गेले आणि माझी मक्याची भाकरी करपली.

१२ जून
उद्या वरच्या गिरणीशी सामना. दिवसभर सूत तुटत होतं. की मीच तोडत होते?

१३ जून, शनिवार
चौथ्या डावात रूफसने तिघांना फटका न मारताच पहिल्या तळावर फुकट चालत जाऊ दिलं. चेंडू कुठेही जात होता. "घरी जा, म्हातारबा!" – आपल्याच गावचे लोक. चौतिशीचा आहे तो. मी उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. मग रूफसने आपणहून क्लेलला बोलावलं, चेंडू त्याच्या हातात ठेवला. कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगितलं. क्लेलने सामना जिंकून दिला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

रूफस संध्याकाळी घरी आला, मागे क्लेल, हातात पत्र्याची पेटी. "हा आजपासून आपल्याकडे राहील. साहेबांना सांगून आलोय." माझं डोकंच फिरलं. ज्याने जागा घेतली त्यालाच घरात? ताटं आदळून वाढली. पोरगा खाली मान घालून शेंगा गिळत होता. एकदा म्हणाला, "छान झाल्यात, काकू." मी भांडी घासायला घेतली.

१५ जून, सोमवार
सकाळी डबे तीन भरले. खोल्या तीन, कामकरी तीन. रूफस परत पिंजणखात्याकडे वळला. ओर्फा पाटी घेऊन शाळेला गेली.

क्लेलच्या डब्यात लोणी जास्त घातलं. देवा, त्या पोराचा हात शाबूत ठेव.