ससाण्यानं बळकावलेली पूर्वेची बाजू

ती. मामांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (दोरावर लटकलेल्या माणसाला तो घालता येत नाही, पोचला असं समजावं.) मामीचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला आणि बाबांचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत, फक्त हेल्मेटला चीर गेली आहे.

ती एका पक्ष्यानं पाडली. कॉलेज अर्ध्यावर सोडून उंच इमारतींच्या काचा पुसण्यात मला काय मिळतं, असं तुम्ही विचारलं होतंत. खरं सांगतो: पूर्वेची बाजू. आमच्यात इमारतीच्या बाजू वाटून घेतात. एकदा जी ज्याची झाली, तिथे दुसरा कुणी दोर सोडत नाही. पूर्वेला बाराव्या मजल्यावर आराखडे काढणारी एक मुलगी बसते. तिच्यापायी मी माझी सावलीची बाजू जोडीदाराला देऊन ही उन्हाची पदरात पाडून घेतली. (मुकादम म्हणतो, काच बघायची, काचेपलीकडचं नाही. त्याचं लग्न झालंय, त्याचं काय जातं म्हणायला.) ती काच मी अशी लख्ख ठेवायचो, की काच आहे हे विसरून त्यांचे साहेब एकदा कपाळ आपटून घेते झाले.

तर तिच्याच खिडकीखालच्या कठड्यावर बहिरी ससाण्याच्या मादीनं अंडी घातली. घरटं म्हणावं तर काडी नाही, नुसत्या खडीवर. माझ्या खोलीत खुर्ची नाही म्हणून बाबा मला बेजबाबदार म्हणतात. हिचं मात्र गावभर कौतुक. मी आपला बादली घेऊन उतरतोय, तर ही बया वरून धोंड्यासारखी आली आणि डोक्यावर पंजा हाणून गेली. बादली गेली, वायपर गेला, मी भोवऱ्यासारखा फिरू लागलो. फिरता फिरता दिसलं, ती मुलगी खुर्चीतून उठून काचेशी आली आहे, हात तोंडावर, डोळ्यांत काळजी. मामा, याच नजरेसाठी मी इतके महिने उन्हात भाजलो. तिनं लगेच फोन लावला. मला वाटलं, माझ्यासाठी डॉक्टर बोलावतेय. आला पक्षीतज्ज्ञ. तिची तक्रार अशी, की एक काचा पुसणारा ससाण्यांना छळतो.

झालं. पिल्लं उडेपर्यंत पूर्वेला दोर सोडायची बंदी, आणि पक्षीतज्ज्ञ नोंदी घ्यायच्या निमित्तानं तिच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसला. दाढीवाला. चहा तिच्याच कपातून पितो. मी जाब विचारायला वर गेलो (त्या मजल्यावर दारातून जायची पहिलीच वेळ), तर नेमका तेव्हाच बाहेर कुठलासा तरणा नर ससाणा कठड्यावरची ती जागा बळकावायला आला. घरच्या नरानं त्याला हवेत गरगरवून, पिसं उपटून पार पिटाळला.

"कच्चा आहे अजून," तज्ज्ञ म्हणाला. "ना स्वतःची जागा, ना शिकार धड जमत. नुसता आरडाओरडा. असे येतात, मार खातात, जातात."

"बिचारा," असं म्हणून ती हसली.

"कच्चा कुणाला म्हणता हो?" मी विचारलं.

"त्या पक्ष्याला. तुम्ही कोण?"

"पूर्वेचा," म्हणालो आणि ताठ मानेनं निघालो. (लिफ्ट येईना, म्हणून तिथेच बराच वेळ ताठ मानेनं उभा होतो.)

मुकादमानं आता मला रस्त्यापलीकडच्या इमारतीवर टाकलंय. बरंच झालं. जिवंत माणूस लटकत असताना जिला पाखराची काळजी वाटते, तिचं नावसुद्धा मी मनातून पुसलंय. बाबांना सांगा, पोरगा ताळ्यावर आला.

तुमचा, संतापलेला तरी आज्ञेतला,
भाचा

ता. क. तुमच्या कपाटावर दुर्बीण पडून असते, ती पाठवाल का? पक्ष्यांचा अभ्यास करावा म्हणतो. शत्रूची माहिती असलेली बरी.

आणखी ता. क. काल तिनं खिडकीतून हात हलवला. समोर मी दोरावर, मध्ये ससाणा हवेत. कुणाला हलवला, ते इतक्या लांबून कळेना. मी आपले दोन्ही हात हलवले. (नवा वायपरही गेला.) तेव्हा दुर्बीण मिळेल त्या गाडीनं धाडा. पिल्लं पंख झाडू लागली आहेत, आणि ती उडाली की ही खिडकीशी कशाला येतेय.