निळ्या लोकरीचा झगा

॥ श्री ॥

सप्तापूर, धारवाड
ता. १४ नोव्हेंबर १९३७

श्रीमती कुसुमावतीबाई यांस,
सौ. सरस्वतीचे सा. न. वि. वि.

तुमची बदली अळणावरच्या शाळेत झाल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. दिवाळीची गडबड, त्यात धाकट्या प्रभंजनाला दात येताहेत, म्हणून राहून गेलं. इकडे सर्व खुशाल. तिकडे जंगलाचा गारठा फार, असं ऐकते. जपून असा. दुसऱ्यांसाठी विणणारी माणसं स्वतःसाठी काही विणतात की नाही, मला ठाऊक नाही.

पत्रास कारण जयू. इकडून सांगणं झालं की, बाईंनी मुलीसाठी इतकं केलं, त्यांना कळवायला हवं आणि त्यांचं मतही घ्यायला हवं. तुमच्या मताशिवाय हल्ली आमच्या घरी पानही हलत नाही.

ती कशी होती ते तुम्ही पाहिलंच आहे. शाळेत शेजारणीला चावायचं, पाट्या फोडायच्या, आणि घरी मी सोवळ्यात चुलीपाशी असले की नेमकं धावत येऊन मला शिवायचं. एका सकाळी तीन-तीन आंघोळी व्हायच्या माझ्या. मामंजींनी धाक दाखवला, मंत्रवलेला दोरा बांधला, उंबऱ्याबाहेर उभी केली. तुम्ही तीन गुरुवार येऊन पडवीत तिच्याशी चिंचोके खेळलात आणि म्हणालात, "हिला शिक्षा नको. धाकटा अंगावर पितो, त्याचा विटाळ नाही. हिनं आईला कधी शिवायचं?" लोकरीला विटाळ नसतो हे आम्हा आचार्यांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण निळ्या लोकरीचा झगा विणून मुलीच्या अंगात घालायचं सुचलं ते तुम्हालाच. महिनाभर ती तो घालून माझ्या पाठीला टेकून बसायची. चावणं थांबलं. सगळे म्हणाले, बाईंच्या हाताला गुण आहे. मीही म्हणाले.

आता वाईट बातमी. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी जयूनं तो झगा कपड्यांच्या हंड्यात, सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकला. आटून एवढासा झाला, प्रभंजनाच्याही अंगात जाईना. विचारलं तर "मी टाकला" म्हणाली. तेव्हापासून पहिले पाढे पंचावन्न. मामंजींनी ठरवलं आहे की तिला पुण्याला आमच्या वन्सांकडे ठेवायचं, तिथं शिस्त लागेल. इकडचं मन होत नाही. बाई म्हणतील तसं करू, असं चाललं आहे. तरी काय ते लवकर कळवावं. तुम्ही पाठवा म्हणालात तर माझी ना नाही.

लोभ असावा.

सौ. सरस्वती


॥ श्री ॥

सप्तापूर, धारवाड
ता. ९ डिसेंबर १९३७

कुसुमावतीबाई,

तुमचं पत्र पोचलं, सोबतच्या दोन सुयाही पोचल्या. इकडून पत्र सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं गेलं. "पाठवू नका. चूक माझी आहे. मुलीला आईच्या हातचं हवं होतं आणि मी माझ्या हातचं दिलं, म्हणून तिनं ते नाहीसं केलं. पुढचा झगा तिच्या आईनं विणावा." मामंजी म्हणाले, "मनाची थोर आहे बाई. पण मुलगी पुण्याला जाईल."

मला काय वाटलं ते खरं सांगू? राग आला. गुन्हा मी करावा आणि तो अंगावर घ्यायलाही तुम्हीच पुढे व्हावं! चांगुलपणात थोडी जागा दुसऱ्याला ठेवा की.

होय. झगा मी टाकला.

तुम्ही निरोप घ्यायला आलात ती संध्याकाळ आठवते? जयू तुमच्या मांडीशी बसली होती. तुम्ही उठलात तशी तिनं तुमचा पदर धरला आणि म्हणाली, "आई, आता कधी येणार?" जीभ चुकली, एवढंच. मुलांची चुकते. तुम्ही हसून म्हणालात, "अगं, मी बाई." मी चहाचा पेला घेऊन दाराआड उभी होते. चहा निवेपर्यंत बाहेर आले नाही, आणि तुम्हाला वाटलं, सरस्वतीबाई कामात आहेत.

पण एका शब्दावर कशाला ढकलू? त्याआधीपासून मी जळत होते. नऊ महिने मी वाहिली, दोन वर्षं मी पाजली, आणि तिच्या मनातलं ओळखलं तुम्ही, चिंचोके खेळून! पोटी मूल नसलेल्या बाईला हे कळतं, मग मी काय नुसतीच भात रांधणारी? असलं वाईट मनात यायचं. ती पाठीला टेकायची तेव्हा ऊब तिची असायची आणि टोचायची तुमची लोकर. रोज.

दुसऱ्या दिवशी मोलकरीण पार्वती परसात कपडे उकळत होती. ती विहिरीवर गेली तेवढ्यात मी झगा हंड्यात टाकला आणि काठीनं खाली दाबला. मग आंघोळ करून चुलीपाशी बसले. पार्वतीनं तो काठीवर वर काढला तेव्हा बोंबाबोंब झाली. मामंजींनी विचारलं, "कुणी केलं हे?" मी सार ढवळत राहिले. दारातून जयू म्हणाली, "मी."

तिला दुपारपर्यंत तुळशीपाशी उभी केली होती. मी पानं वाढली. मामंजी दुसऱ्यांदा सार मागून जेवले, तेही वाढलं.

ती असं का म्हणाली, हे विचारायचा मला महिनाभर धीर झाला नाही. तिनं पाहिलं असणार, एवढं कळत होतं. माझ्याकडे नुसती बघायची ती, आणि ते बघणं मला सोसवेना. पुण्याला माझी ना नाही, असं तुम्हाला लिहिलं ते त्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं.

आठवड्यापूर्वी एका सकाळी मी सोवळ्यात होते. ती उंबऱ्याशी बसून चिंचोके मोजत होती. जवळपास दुसरं कुणी नव्हतं, मामंजी पूजेत. पुण्याला जायला चार दिवस उरलेले. मी म्हटलं, "जयू, झगा मी टाकला, ते तू पाहिलंस ना?"

"हं."

"मग 'मी' का म्हणालीस?"

"अज्जा तुला रागावले असते. तू रडली असतीस."

"रडले असते तर रडले असते."

"तू सोवळ्यात होतीस," ती म्हणाली. "मग तुला जवळ कोण घेणार?"

बाई, मी उठले आणि तिला तशीच, सुती परकरासकट, कवेत घेतली. आधी ती अंग चोरून राहिली. तिला वाटलं, मी विसरले. "आई, सोवळं! सोवळं!" असं मलाच सांगत होती. मग कधीतरी तिनं गळ्याला मिठी मारली. भात खाली लागला, त्याचा वास देवघरापर्यंत गेला.

मामंजी बाहेर आले. कचेरीची तयारी टाकून इकडची स्वारीही आली. मी डोक्यावर पदर घेतला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, तुमच्याविषयीच्या मत्सरासकट. सासऱ्यांपुढे मी इतकी कधी बोलले नव्हते. मामंजींनी जपमाळेचे उरलेले मणी ओढून संपवले. मग कानडीत म्हणाले, "इरली बिडव्वा." राहू दे, जाऊ दे. आणि मुलाकडे वळून, "मुकुंदा, पुण्याला नको म्हणून कळव. खोटं बोलणाऱ्या दोघी आहेत घरात, एकीलाच धाडून काय उपयोग?" नंतर मला म्हणाले, "जा, आंघोळ करून ये. आज देवाला उशीर होईल. होऊ दे." तुळशीपाशी उभं केल्याबद्दल जयूला काही म्हणाले नाहीत. दुपारी आपल्या पानातला लाडू मात्र तिला दिला.

जयू चांगली झाली असं लिहिणार नाही. काल शाळेत पुन्हा एकीला चावली. पण घरी येऊन आपण होऊन मला सांगितलं, कुठं चावली तेही आपल्याच मनगटावर दाखवलं. मी रागावले नाही. तुम्ही असतात तर काय विचारलं असतं, ते आठवून विचारायला गेले, जमलं नाही. मग दोघी चिंचोके खेळलो. ती लबाडी करते, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

तुमच्या सुयांवर झगा चढवला आहे. लोकर हुबळीहून आणवली, तांबडी. दुकानात निळीही होती. घेतली नाही. माझं मन अजून तुमच्याविषयी स्वच्छ झालेलं नाही, उगाच कशाला खोटं लिहू? एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब झाली आहे. जयू म्हणते असू दे, पण मला उसवून नीट करायची आहे. बगलेपाशी टाके कसे कमी करायचे ते कळवा. इथं कुणाला येत नाही आणि तुम्हालाच विचारावं लागतं, याचाही राग आहेच.

नाताळच्या सुट्टीत या. या खेपेला चहा निवणार नाही. आणि जयूनं चुकून पुन्हा "आई" म्हणून हाक मारली, तर "अगं, मी बाई" म्हणायची घाई करू नका. आतून मी ओ देईन.

जयूची आई
सरस्वती