जाणिवेचे गुण

सोमवार, ४ मार्च
नवी गाडी चाचणीसाठी ट्रॅकवर आली. साठ वर्षं आमच्या कंपनीनं जमिनीला चिकटलेल्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कार केल्या. आता ही एसयूव्ही — पाच माणसं, डिकीभर सामान, वजन सव्वादोन टन. माझा दादा तिला हत्ती म्हणायचा. "हत्तीला धावायला शिकवतायत!" म्हणायचा आणि कारखान्यात मान खाली घालून तिचंच इंजिन जोडायचा.
दादा जाऊन आज सहा आठवडे.
शून्य ते शंभर — साडेतीन सेकंद. शेजारी बसलेला इंजिनिअर ओरडला, "बाप रे!" माझ्या पोटात काही हललं नाही.

मंगळवार, ५ मार्च
आकडे यंत्रं मोजतात. गाडी हाताला, पायाला, पाठीला कशी लागते ते मी सांगायचं — दहापैकी गुण. चौदा वर्षं हेच काम. आज तक्त्यापुढे पेन धरून बसले. काही लागलंच नव्हतं, लिहू काय! स्टीअरिंग सात. सस्पेन्शन सात. ब्रेक आठ. दिलं ठोकून.
साहेब खूश.

गुरुवार, ७ मार्च
तेच. जेवले. झोपले.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळी मी चालवली, माझ्यानंतर मामांनी नेली. (नात्यातले नव्हेत, अख्ख्या ट्रॅकचे मामा. हे काम मला त्यांनीच शिकवलं.) तिसऱ्या फेरीनंतर परतले ते पांढरेफटक. गाडीचं दार उघडं टाकून थेट माझ्याकडे.
"उतारावर पेडल तळाला जातंय गं! एवढं वजन, पुढे वळण — जेमतेम थांबली. तू हीच चालवलीस ना?"
"हो."
"आणि ब्रेकला आठ?"
मी जाऊन गाडीचं उघडं दार लावलं.
"तुला लागलं नाही?"
"मला काहीच लागत नाही, मामा."
मामा आवाज खाली आणून म्हणाले, "तक्ता मी बदलतो. कुणाला कळायचं नाही."
मामा मेले असते. लिहून पाहिलं. लिहूनही काही होत नाही.

सोमवार, ११ मार्च
साहेबांना सगळं सांगितलं. दादा गेल्यापासूनचे माझे सगळे तक्ते रद्द. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं — पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवला होता. "आधी का नाही बोललीस?" मलाच कुठे माहीत होतं!
चाव्या जमा केल्या. आता टेबल, खुर्ची, खिडकी.

गुरुवार, १४ मार्च
दुपारी मामांनी ओढूनच नेलं. "ब्रेक नवे बसवलेत. तू नुसती बस." मी मागे बसले. चौदा वर्षांत या ट्रॅकवर कधी मागे बसले नव्हते — हातात चाक नाही, पायाखाली पेडल नाही. उतारावरचं वळण अंगावर आलं आणि मी किंचाळले, "मामा, हळू!"
त्यांनी कडेच्या गवतावर गाडी उभी केली. मागे वळून पाहिलं नाही. मी किती वेळ रडले, कोण जाणे.

शुक्रवार, १५ मार्च
वहिनीला फोन लावला. दादा गेल्यापासून पहिला. तिनं लगेच उचलला. दोघींपैकी कुणी बोललं नाही. कुणी ठेवलाही नाही.