ज्या ओळीला टाळ्या पडल्या

बाई, सध्या गावात लढाईशिवाय दुसरा विषय नाही. डोंगरमाथ्यावर शत्रू येऊन बसलाय, त्याला हुसकायला आपले जवान चढतायत, आणि इथे सिल्वासात आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, सरकारला दुसरा इलाजच नव्हता. दुसरा म्हणतो, निवडणुका तोंडावर आल्यात, मग इतके दिवस सरकार झोपलं होतं की झोपेचं सोंग घेऊन पडलं होतं? मी दोन्हीकडचं ऐकते आणि फायलीत मान घालते. ऑफिसातले लोक मला मुखदुर्बळ समजतात. तुम्ही खो खो हसला असतात. नववीतली ती तोंडाळ पोरगी आणि म्हणे मुखदुर्बळ!

तुमच्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर मला अजून लख्ख दिसतं. तुम्ही रत्नागिरीकडून एकट्या इथे आलेल्या, आमच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायला. माझे वडील बांधकाम खात्यात कारकून, आम्हीही कोकणातलेच, म्हणून दर रविवारी मला तुमच्याकडे धाडायला आईची हरकत नसे. सुरतेचा गुजराती पेपर सकाळी यायचा, मुंबईचा मराठी पेपर वापीच्या बसने दुपारपर्यंत. तुम्ही आदल्या आठवड्याचे सगळे पेपर जमिनीवर पसरता, एकच बातमी दोन्हींत शोधायला लावता आणि माझ्या हातात लाल पेन्सिल देता. ज्या वाक्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, त्याच्याखाली रेघ मारायची. ‘कळते’, ‘समजते’, ‘बोलले जाते’. "या तिघी बहिणींना घरात घेऊ नकोस," तुम्ही स्टोव्हला पंप मारता मारता सांगायचात, "चहा पिऊन जातील आणि जाताना कपबशी नेतील." घरी आल्यावर मी आईच्या बोलण्याखालीही मनातल्या मनात रेघा मारायची. मार्क कमी पडले तेव्हा आई म्हणाली, "बाबा रागावले नाहीत." कशावरून? मी विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

सत्याऐंशी साली सरकारने श्रीलंकेत फौज पाठवली. सांगितलं गेलं, शांतता राखायला. तुम्ही तो सगळा आठवडा त्या एका शब्दाभोवती फिरत होतात. कोणी म्हणे तिथल्या तमिळ लोकांच्या रक्षणासाठी, कोणी म्हणे आपल्या दक्षिणेकडच्या मतांसाठी, कोणी म्हणे तिथल्या बंदरात दुसऱ्या कोणा बड्या देशाने पाय रोवू नये म्हणून. "बंदूक घेऊन शांतता वाटायला निघालेत," तुम्ही म्हणालात. "ताकाला जाऊन भांडं लपवतायत. भांडं शोध तू." मी लगेच म्हटलं, मतं! तुम्ही लाटणं उगारलंत. "पुरावा? नुसता संशय घ्यायला अक्कल लागत नाही, तो पानाच्या गादीवर फुकट मिळतो." हे तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायचात आणि माझ्या डोक्यात मात्र त्यातला संशयच तेवढा राहायचा.

त्याच स्वयंपाकघरात दर महिना-दीड महिन्याने आबा यायचे. किलवणी रोडवरच्या सुताच्या कारखान्यात वॉचमन, मूळचे धुळ्याकडचे, अक्षरशत्रू. थोरला मुलगा फौजेत होता आणि तोही त्या बेटावर गेला होता. त्याचं पत्र आलं की आबा ते न फोडता, सदऱ्याच्या आतल्या खिशात जपून तुमच्याकडे आणायचे. उंबऱ्याशी चपला काढून, भिंतीला टेकून बसत म्हणायचे, "वाचा बरं बाई, काय लिखेल शे मना आंडोरनी." तुम्ही वाचायचात, मग त्यांचं उत्तर लिहायचात. मी कोपऱ्यात पेपर घेऊन बसलेली असायची. एकदा त्या पत्रात असं होतं: पहिल्यांदा इथले लोक आम्हाला हार घालायचे, आता आम्ही गल्लीत शिरलो की दारं लावून घेतात, आम्ही कोणासाठी आलो ते आम्हालाच समजेनासं झालंय. तुम्ही वाचताना थांबलात. आबांनी पत्र मागून घेतलं, सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं. मग म्हणाले, "हाई घरनी गोट शे, बाई. बाहेर जावाले नको." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "ऐकलंस ना?" मी मान हलवली. ऐकलं होतं मी, अगदी नीट ऐकलं होतं.

पुढच्या महिन्यात शाळांची वादविवाद स्पर्धा आली. तुमच्या शिरस्त्याप्रमाणे चिठ्ठी उचलायची आणि जी बाजू येईल ती मांडायची. मला विरोधाची आली. सरकारने सैन्य पाठवलं त्यामागचा हेतू सांगितला जातो तो नाही, असं मला सिद्ध करायचं होतं. तुमच्याकडून सगळी कात्रणं घेतली, तुम्ही तीनदा भाषण म्हणवून घेतलंत. हॉलमध्ये शिक्षण खात्याचे एक साहेब अध्यक्ष होते, मागे पालक, कारखान्यांचे लोक. माझ्याआधी दादऱ्याच्या शाळेचा मुलगा बोलला. देश, माता, रक्त वगैरे. हॉल दणाणून गेला. मी उभी राहिले, बंदर म्हटलं, मतं म्हटलं, करार म्हटलं, आणि समोर कोणी जांभई देत होतं, कोणी चिवड्याच्या बश्यांकडे बघत होतं. तेव्हा मी कागद खाली ठेवला. म्हणाले, "आपल्याच गावातल्या एका जवानाने घरी काय लिहिलंय, ऐका." आणि ती ओळ, हारांची आणि दारांची, जशीच्या तशी सांगितली. मग ज्या टाळ्या पडल्या, तशा पुन्हा आयुष्यात माझ्या वाट्याला आल्या नाहीत.

चहाच्या वेळी साहेबांनी विचारलं, "कोण हा जवान?" मी बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे निवडायला लागले. तुम्ही पुढे झालात. "भाषण मी लिहून दिलंय. माझ्या ऐकण्यात आलं ते घातलं." इतक्या सहज, की घटकाभर मलाही ते खरं वाटलं.

पण हॉलमध्ये आबांच्या कारखान्याचा टाइमकीपर होता. दुसऱ्या दिवशी त्याने आबांना सांगितलं, तुझ्या पोराचं पत्र बाईने भर सभेतल्या भाषणात घातलं, साहेब नाव विचारत होता, आता पोराच्या नोकरीवर गदा येणार. रविवारी आबा आले ते चपला न काढता दारातच उभे राहिले. मी आत लसूण सोलत होते. "कोनी सांगं?" त्यांनी विचारलं. मी सोललेली पाकळी पुन्हा सोलायला घेतली. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "मी." आबा म्हणाले, "मी तुमले देव मानेल व्हतं, बाई." मग म्हणाले, "आते लिखनं बी नको नि वाचनं बी नको." आणि गेले. त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

पुढे तुमची बदली लांबच्या खेड्यात, सुरंगीला झाली. ऑर्डरवर ‘प्रशासकीय सोयीसाठी’ असं कारण होतं. तुम्ही त्या शब्दांखाली लाल रेघ मारून ऑर्डर मला दाखवलीत आणि हसलात. मला हसू येईना. त्या स्पर्धेमुळेच हे झालं का, ते मला कधीच कळलं नाही. पुरावा नाही, नुसता संशय.

आबा बोलले ते त्यांनी खरं केलं. मुलाची पत्रं येत राहिली, ती त्यांनी फोडली नाहीत, कोणाला दाखवली नाहीत, उत्तरं लिहवून घेतली नाहीत. मनीऑर्डर येते ना, म्हणजे पोरगा बरा आहे, एवढ्यावर त्यांनी सात-आठ महिने काढले. मग तार आली. देह आला नाही, कपड्यांची पेटी आली. पंधरा दिवसांनी आबा आमच्या घरी आले. खिशातून चार बंद पत्रं काढून माझ्यापुढे धरली. "तू वाच, व माय. आते तुनावरच मना भरोसा शे." मी दहावीत होते. आई बाजूलाच उभी होती. मी एकेक पत्र फोडून वाचलं. पहिल्यात लिहिलं होतं, आबा, पत्र का नाही? दुसऱ्यात, रागावलात का माझ्यावर? काही चुकीचं लिहिलं का मी? तिसऱ्यातही तेच, चौथ्यातही तेच. बाई, मी ती वाक्यं गाळली. पाऊसपाणी वाचलं, जेवण वाचलं, सुट्टीचा अर्ज केलाय ते वाचलं. आबा भिंतीला टेकून ऐकत होते आणि हुं हुं म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मनी याद करी का त्यानी?" मी म्हटलं, "हो, प्रत्येक पत्रात." ते तेवढं खरं होतं.

म्हाताऱ्याला दुःख नको म्हणून गाळली, असं मी स्वतःला सांगितलं. सरकारी निवेदनासारखं छान वाक्य आहे, कोणीही सही करील.

त्यानंतर एकदाच सुरंगीला आले मी, जीपमध्ये कोंबून घेऊन. तुम्ही वाळला होतात. चुलीवर नागलीची भाकरी टाकत होतात, आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलंत, "तू ते का बोललीस गं त्या दिवशी?" मी म्हणाले, "खरं होतं म्हणून." तुम्ही भाकरी उलटवलीत. "हं. सरकारही हेच म्हणतं." आणि ताट वाढलंत. बस्स. मी चिडले होते तुमच्यावर, सांगते आता. वाटलं, ही बाई माझ्यासाठी गप्प बसली ती काय उगीच? मला जन्मभर मिंधं ठेवायला. इतकं शिकवलंत तुम्ही संशय घ्यायला, की तुमच्या चांगुलपणाखालीही मी रेघ मारली. दुसऱ्या वर्षी तुम्ही काविळीने गेलात. कळलं ते चार दिवसांनी.

भांडं मात्र माझ्यापाशीच होतं, बाई. तो दादऱ्याचा मुलगा टाळ्या घेऊन बसला होता आणि मला त्याच्याहून जास्त हव्या होत्या. जवान, बेट, सत्य, काही नाही. सरकारचा खरा हेतू उघडा पाडायला उभी राहिले आणि स्वतःचा पदराखाली घेऊन खाली बसले.

आबा अजून आहेत. लेकीकडे, कारखान्याजवळच्या चाळीत. आजकाल टीव्हीवर गावोगावी झेंड्यात गुंडाळून येणाऱ्या पेट्या बघतात आणि बघवेनासं झालं की माझ्याकडे येऊन बसतात. गेल्या आठवड्यात चहा पिता पिता म्हणाले, "बाईले मी माफ करी टाकं. मरेल माणूसवर काय राग ठेवाना?" माझ्या हातात बशी होती. दहा वर्षांत यापेक्षा सोपी वेळ आली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "बरं केलंत, आबा." आणि त्यांना आणखी थोडा चहा ओतला.

हे पत्र खरं तर त्यांनाच लिहायला हवं. दहा मिनिटांवर राहतात. पण त्यांना वाचता येत नाही, मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. म्हणून तुम्हाला लिहिलं.